मायानगरीची मासिक वर्गणी

वर्गणी हा शब्द मराठी घरांना नवा नाहीं. वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी, व्यायामशाळेची वर्गणी आणि भाद्रपद आला कीं गणेशोत्सवाची वर्गणी, अशा नाना रूपांनीं ती दारांत उभी राहते; आणि घरचा कर्ता पुरुष थोडी कुरकुर करून कां होईना, ती देतो. या ओळखीच्या वर्गण्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका नव्या वर्गणीची भर पडली आहे. घरांतील तरुण मुलगा किंवा मुलगी, आणि पुष्कळदां चांगला मिळवता गृहस्थहि, संगणकावरील एखाद्या खेळासाठीं दरमहा ठराविक रक्कम परदेशीं पाठवितो. त्या रकमेच्या बदल्यांत घरांत कांहींच येत नाहीं. ना पुस्तक, ना प्रसाद. वडील माणसें विचारतात, “खेळायला पैसे? आणि तेहि दरमहा?” तरुण उत्तर देतात, “चौघांच्या एका सिनेमाच्या खर्चांत महिनाभर करमणूक होते.” दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद एका वाक्यांत मिटत नाहीं. तो मिटवावयाचा तर ही वर्गणी कशाची आहे, तिच्या मोबदल्यांत काय मिळतें आणि पैशांखेरीज आणखी काय द्यावें लागतें, या तिन्ही गोष्टी शांतपणें पाहिल्या पाहिजेत.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहावें. बुद्धिबळाचा डाव संपला कीं पट गुंडाळून ठेवतां येतो. क्रिकेटचा सामना आटोपला कीं मैदान रिकामें होतें. या खेळाचें तसें नाहीं. कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांवर एक संपूर्ण काल्पनिक जग रात्रंदिवस चालू असतें. त्यांत डोंगर आहेत, नगरें आहेत, बाजार आहेत, राक्षस आहेत. आणि हजारों माणसें आहेत. हीं माणसें म्हणजे देशोदेशीं आपापल्या घरीं बसलेले खरे खेळाडूच. प्रत्येकानें एक भूमिका घ्यावयाची. कोणी योद्धा व्हावयाचें, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक, कोणी शिकारी. नवख्याच्या अंगीं बळ थोडें असतें. त्यानें कामगिऱ्या पार पाडाव्या, अनुभव मिळवावा आणि पायरीपायरीनें वर चढावें, असा क्रम असतो. नाटकांतला नट तीन-चार तासांनीं रंग पुसतो. येथें एकच भूमिका वर्षानुवर्षें चालते. खेळाडू झोपीं गेला तरी तें जग झोपत नाहीं. तो परत येतो तेव्हां बाजारभाव बदललेले असतात आणि सोबती दोन पायऱ्या पुढें गेलेले असतात.

या खेळाचें मूळ इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत सांपडतें. तेथें १९७८ सालीं रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें ‘मड’ नांवाचा खेळ रचावयास घेतला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल यानें तो पुढें वाढविला. त्यांत चित्र नव्हतें, रंग नव्हता, आवाज नव्हता. खोलीचें किंवा रानाचें वर्णन अक्षरांनीं पडद्यावर उमटे आणि खेळाडू अक्षरांनींच उत्तर देई. पुढें या छंदाचा व्यापार झाला. १९८५ सालीं अमेरिकेंतील कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर ‘आयलंड्स ऑफ केस्माय’ हा खेळ सुरू झाला, तेव्हां आकार तासावर होता. तासाला ६ डॉलर, आणि जोडणी जलद असेल तर त्याहून अधिक. पुढें तासाचा हिशेब मागें पडून महिन्याचा आला. १९९७ च्या सप्टेंबरांत निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ची वर्गणी महिन्याला ९ डॉलर ९५ सेंट होती. १९९९ च्या मार्चांत ‘एव्हरक्वेस्ट’ आला. आणि २३ नोव्हेंबर २००४ रोजीं ब्लिझार्ड या कंपनीनें ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अमेरिकेंत प्रसिद्ध केला. त्याची वर्गणी १४ डॉलर ९९ सेंट. २०१० च्या ऑक्टोबरांत त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेल्याचें कंपनीनें जाहीर केलें. एखाद्या देशाची शोभावी एवढी ही लोकसंख्या झाली.

तासावरून महिन्यावर झालेला हा बदल केवळ हिशेबाच्या सोयीचा होता असें वाटेल. पण त्यानें खेळाचा स्वभावच पालटला. तास मोजला जाई तोंपर्यंत खेळाडूची एक नजर घड्याळावर असे. टांग्याचें भाडें तासावर ठरविलेला माणूस बाजारांत उगाच रेंगाळत नाहीं, तसाच हा प्रकार. महिना मोजला जाऊं लागला आणि घड्याळ खेळाडूच्या दृष्टीआड झालें. मालकालाहि खेळाडूनें आज किती तास बसावें याची चिंता उरली नाहीं. पुढच्या महिन्याची वर्गणी देण्याची वेळ येईल तेव्हां त्यानें नगर सोडलेलें नसावें, एवढीच त्याची चिंता. वर्गणीच्या खेळांतील पुष्कळशी रचना या एका चिंतेंतून जन्मली आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

मग दरमहा पैसे मागणें हें लबाडीचें आहे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. यंत्रें अहोरात्र चालवावीं लागतात, चोरवाटा बुजवाव्या लागतात, भांडणें सोडवावीं लागतात, आणि जुन्या नगरांना कंटाळलेल्या रहिवाश्यांसाठीं नवे प्रदेश निर्माण करावे लागतात. शिवाय जो दरमहा पैसे घेतो त्याला दरमहा जबाब द्यावा लागतो. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. तिनें २०१० च्या सप्टेंबरांत ‘फायनल फँटसी’ मालिकेंतील चौदावा खेळ आणला. तो इतका सदोष निघाला कीं कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली. तिनें वर्गणी घेणें कित्येक महिने पुढें ढकललें, नाओकी योशिदा या नव्या दिग्दर्शकाच्या हातीं सूत्रें दिलीं, २०१२ च्या नोव्हेंबरांत जुन्या जगाचा कथेंतच प्रलय घडवून तें बंद केलें, आणि २०१३ च्या ऑगस्टांत तेंच जग नव्यानें उभारलें. पुढें २०२१ च्या डिसेंबरांत तेथें एवढी गर्दी लोटली कीं वर्गणी भरलेल्यांनाहि आंत शिरण्यासाठीं तासन् तास रांगेंत थांबावें लागलें. तेव्हां कंपनीनें नव्या प्रतींची विक्रीच कांहीं काळ थांबविली आणि वर्गणीदारांना २१ दिवसांची मुदत विनामूल्य वाढवून दिली. वर्गणीदार हा नुसता गिऱ्हाईक नसून त्याचा कांहीं एक हक्क असतो, याची ही कबुलीच होय.

याच्या उलट, फुकट म्हणविणाऱ्या खेळांची रीति पाहावी. वर्गणीवर निघालेले पुष्कळ खेळ पुढें अंशतः किंवा सर्वस्वी मोफत झाले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ २०१० सालीं, डिसेंबर २०११ मध्यें निघालेला ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ अवघ्या अकरा महिन्यांत, आणि २०१४ च्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ची सक्तीची वर्गणी तरी २०१५ च्या मार्चांत उठली. दार मोफत उघडलें तरी दुकान आंत असतेंच. वेष विकत, वाहन विकत, आणि कित्येक खेळांत तर बंद पेट्या विकत. पेटींत काय निघेल तें नशिबावर. बेल्जमच्या जुगार-नियामक मंडळानें २०१८ सालीं अशा पेट्यांना जुगार ठरविलें. म्हणून ‘मोफत’ हा शब्द वाचून ज्यांना हायसें वाटतें त्यांनीं जरा सावध असावें. ज्या घरांत वर्षाला किती खर्च होणार हें आधीं ठाऊक असणें महत्त्वाचें, त्या घराला ठरलेली वर्गणी पुष्कळदां सुरक्षित पडते. आपल्या देशांत २०२५ सालीं ऑनलाइन खेळांसंबंधीं जो कायदा झाला, त्यांतहि पैसे लावून खेळण्याचे खेळ आणि प्रवेशासाठीं वर्गणी घेणारे खेळ यांत भेद केलेला आहे. वर्गणी ही पैजेच्या स्वरूपाची नसावी, एवढी अट आहे. तेव्हां वर्गणीच्या खेळाला सरसकट द्यूत म्हणून मोडींत काढणें बरोबर नाहीं.

आतां जमाखर्चाकडे वळावें. महिन्याला १५ डॉलर म्हणजे २०२५ सालच्या विनिमयदरानें सव्वा हजार रुपयांच्या वर. वर्षाला १८० डॉलर. मोठे विस्तारभाग निघतात त्यांची किंमत वेगळी. तरुण मंडळी या रकमेला तासांनीं भागतात. आठवड्याला दहा तास खेळणाऱ्याला एक तास सुमारें ३५ सेंटांना पडतो. आठवड्याला चारच तास खेळणाऱ्याला तो सुमारें ८७ सेंटांना पडतो, आणि आठवड्याला चाळीस तास खेळणाऱ्याला ९ सेंटांहूनहि कमी. नाटक, चित्रपट, उपाहारगृह यांपैकीं एकहि करमणूक इतकी स्वस्त नाहीं, हें खरें. परंतु या भागाकारांत एक खोच आहे. या हिशेबानें जगांतला सर्वांत काटकसरी खेळाडू कोण, तर ज्याची झोप गेली, अभ्यास बुडाला आणि नोकरी धोक्यांत आली तो! जो हिशेब नाशाच्या जितकें जवळ जावें तितका नफा दाखवितो, तो हिशेब कोठें तरी चुकला आहे हें उघड आहे.

चूक अशी कीं, भागाकार करणारा तासाला फुकट धरतो. आठवड्याला दहा तास म्हणजे वर्षाला पांचशें वीस तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे कामाचे पासष्ट दिवस झाले. तेव्हां खरी वर्गणी १८० डॉलर नसून १८० डॉलर आणि पासष्ट दिवस अशी आहे. ही दुसरी रक्कम मोठी आहे कीं लहान, हें ते दिवस कोठून आले यावर ठरेल. जो तास एरव्हीं कंटाळत, चित्रफिती चाळत किंवा कोणाच्या तरी निंदेंत गेला असता, तो खेळांत गेला तर नुकसान कांहींच नाहीं. कदाचित् लाभच आहे. जो तास लहान मुलीला गोष्ट सांगण्याचा होता, वृद्ध आईजवळ बसण्याचा होता, किंवा परीक्षेच्या अभ्यासाचा होता, तो मात्र सेंटांत मोजतां येत नाहीं. म्हणून खेळाची किंमत ठरवितांना ‘तासाला किती पडलें’ असें न विचारतां ‘कोणता तास गेला’ असें विचारावें.

दुसरा प्रश्न खेळाडूच्या स्वभावाचा. वर उल्लेखिलेल्या रिचर्ड बार्टल यांनीं १९९६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं खेळाडूंचे चार वर्ग केले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांचीं नांवें दिलीं. संपत्ति व पदव्या जमविणारे ते चौकट. जगाचे कोनेकोपरे खणून पाहणारे ते इस्पिक. माणसांत रमणारे ते बदाम. आणि दुसऱ्यावर सोटा चालविण्यांत आनंद मानणारे ते किलवर. वर्गणी घ्यावी कीं नाहीं याचा निर्णय प्रत्येक रंगाला वेगळा येतो. इस्पिकवाल्याला नवे प्रदेश पाहावयाचे असतात. ते पाहून झाले कीं त्याची भूक भागते, म्हणून त्यानें वर्षांतून दोन-तीन महिनेच वर्गणी भरावी आणि प्रवाशासारखें जाऊन यावें. किलवरवाल्याची हौस भागविणारे चढाओढीचे पुष्कळ खेळ वर्गणीवांचून मिळतात. त्याला हें ओझें नको. बदामवाल्याचा लाभ सर्वस्वी सोबतीवर अवलंबून असतो. जिवाभावाचीं चार माणसें तेथें असतील तर त्याला वर्गणी जड वाटणार नाहीं. नसतील तर तें भव्य नगर त्याला परक्या गांवच्या स्टेशनासारखें भासेल.

खरें सांभाळावयाचें तें चौकटवाल्यांनीं. त्यांना शिखर गांठावयाचें असतें, आणि शिखर हलवावयाचा अधिकार कंपनीच्या हातीं असतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें २००४ सालीं शेवटची पायरी साठावी होती. २००७ सालीं ती सत्तरावी झाली, २००८ सालीं ऐंशींवी, आणि अशी वाढत वाढत २०१८ सालीं एकशेंविसावी झाली. मग २०२० सालीं कंपनीनें सगळ्या पायऱ्या नव्यानें मोजल्या आणि एकशेंविसाव्या पायरीवर उभे असलेले वीर एका रात्रींत पन्नासाव्या पायरीवर आले. त्यांचें बळ गेलें नाहीं, लाजहि गेली नाहीं. आंकडे तेवढे बदलले. पण ज्यानें त्या आंकड्यांसाठीं जागरणें केलीं असतील त्यानें यांतून काय तें समजून घ्यावें.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सारें मृगजळ आहे तर त्यावर एक पैसाहि कां घालवावा? याचें उत्तर नॉर्वेंतील एका हकीकतींत आहे. मॅट्स स्टीन हा १९८९ सालीं जन्मलेला तरुण ड्यूशेन या नांवाच्या, स्नायू झिजवीत नेणाऱ्या आनुवंशिक विकारानें पीडित होता. त्याला चाकाच्या खुर्चीवांचून हलतां येत नसे. आयुष्यांतले हजारों तास त्यानें ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें काढले, तेथें तो इबेलिन नांवाचा धडधाकट, धांवणारा पुरुष होता. २०१४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या २५ व्या वर्षीं, तो वारला. आपला मुलगा मित्रांवांचून, प्रेमावांचून, कोणाच्या उपयोगीं न पडतां गेला, असें त्याच्या आईवडिलांच्या मनाला लागून राहिलें होतें. वडिलांनीं मृत्यूची वार्ता इंटरनेटवर कळविली मात्र, आणि देशोदेशींहून पत्रें येऊं लागलीं. कोणाला त्यानें दुःखांत धीर दिला होता. कोणा आईला आपल्या मुलाशीं बोलण्याची वाट दाखविली होती. परदेशांतून कांहीं सोबती अंत्यविधीलाहि आले. या हकीकतीवर बेंजामिन री यांनीं केलेला माहितीपट २०२४ सालीं प्रदर्शित झाला. ज्या आईवडिलांना मुलाच्या खोलींत फक्त पडदा दिसत होता, त्यांना पडद्यापलीकडचें गांव त्याच्या पश्चात् दिसलें. वडील पिढीनें या खेळाविषयीं निकाल देण्यापूर्वीं एकदां तरी मुलाच्या शेजारीं खुर्ची ओढून बसावें आणि ‘तुझ्याबरोबर हे कोण आहेत?’ एवढें विचारावें. तेवढ्यानें अर्धा वाद मिटण्याजोगा असतो.

मात्र जेथें स्नेह आहे तेथें बंधनहि आहे. या खेळांतील मोठ्या मोहिमा एकट्यादुकट्यानें होत नाहींत. २००४-०५ च्या सुमारास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील मोठ्या स्वारीला चाळीस खेळाडूंपर्यंत जमाव लागे, पुढें ही संख्या खालीं आली, तरी दहा-वीस जणांनीं ठरल्या वेळीं हजर राहावें लागतेंच. त्यासाठीं मंडळें स्थापन होतात. मंडळांत वैद्याची भूमिका पत्करलेला गडी आला नाहीं तर सर्वांचा बेत फिसकटतो. भारतांतल्या खेळाडूपुढें येथें एक खास अडचण उभी राहते. ‘फायनल फँटसी’च्या चौदाव्या खेळाचीं केंद्रें जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशियानिया या भागांत आहेत. अंतर लांब असल्यामुळें आज्ञा पोंचण्यास क्षणाचा विलंब लागतो, तो एक वेळ सोसतां येईल. पण जर्मनींत किंवा फ्रान्सांत हिवाळ्यांत रात्रीचे आठ वाजतात तेव्हां मुंबई-पुण्यास साडेबारा झालेले असतात. न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हां येथें दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेसहा. युरोपीय मंडळांत सामील झालेल्या मराठी तरुणाची मोहीम अशा रीतीनें मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि पहांटे संपते. सकाळीं आठाला त्याची कचेरीची गाडी असते. ही वर्गणी कोणत्याहि पत्रकावर छापलेली नसते, पण ती झोपेच्या रूपानें दररोज वसूल होते. मंडळ निवडतांना त्याची कीर्ति न पाहतां त्याचें घड्याळ पाहावें, हें यासाठींच.

खेळाडूला जखडून ठेवणाऱ्या युक्त्यांचीहि ओळख असूं द्यावी. कांहीं कामें रोज एकदांच करतां येतात, कांहीं बक्षिसें आठवड्यांतून एकदांच मिळतात. आजचा दिवस चुकला तर आजचें बक्षीस गेलें, अशी हुरहूर त्यांतून उत्पन्न होते. दुसरी ओढ आपल्याच मनाची असते. चार वर्षें घालवून उभा केलेला वीर टाकून कसा द्यावा, या विचारानें माणूस पांचवें वर्ष घालवितो. वास्तविक गेलेलीं चार वर्षें पांचव्या वर्षानें परत येत नाहींत. तिसरी ओढ मिंधेपणाची. २०१५ च्या एप्रिलांत ब्लिझार्डनें अशी सोय केली कीं, एकानें २० डॉलर देऊन एक हुंडी घ्यावी, ती खेळांतल्या सुवर्णनाण्यांना दुसऱ्यास विकावी, आणि त्या दुसऱ्यास तीस दिवसांचा प्रवेश मिळावा. सोन्यानें वर्गणी भागविणाऱ्याला वाटतें कीं आपण फुकट खेळतों. पण तें सोनें मिळविण्यासाठीं महिन्याला वीस तास गवत कापावें किंवा मासे धरावे लागले असतील, तर त्यानें १५ डॉलरांसाठीं तासाला पाऊण डॉलर मजुरी पत्करली. करमणुकीसाठीं गेलेला माणूस तेथें मजूर होऊन बसला!

अतिरेकाचा धोका काल्पनिक नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणांत खेळाच्या व्यसनविकाराला स्थान दिलें आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येणें, आणि नुकसान दिसत असूनहि खेळ चालूच ठेवणें, आणि हें सामान्यतः निदान बारा महिने चाललेलें असावें. पुष्कळ तास खेळणें एवढ्यावरून कोणी रोगी ठरत नाहीं, हें आईबापांनीं लक्षांत घ्यावें. सरकारी बंदीचा अनुभव मिश्र आहे. दक्षिण कोरियानें २०११ सालीं सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळीं सहा या वेळांत ऑनलाइन खेळ बंद केले होते. २०२२ च्या आरंभीं तो कायदा उठविला. चीननें २०२१ सालीं अज्ञान मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. कायदा काय करूं शकतो आणि घरानें काय करावयाचें असतें, यांतला फरक या दोन दाखल्यांवरून दिसतो.

आणखी एक सत्य दृष्टीआड करूं नये. हीं जगें मर्त्य आहेत. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ १५ डिसेंबर २०११ रोजीं बंद झाला; ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं; २०१४ सालीं मोठ्या अपेक्षेनें निघालेला ‘वाइल्डस्टार’ २०१८ च्या नोव्हेंबरांत. शेवटच्या रात्रीं रहिवासी चौकांत जमतात, एकमेकांचा निरोप घेतात, आणि ठरल्या क्षणीं पडदा काळा होतो. चीनमधील वॉरक्राफ्टचे खेळाडू तर दोन कंपन्यांचा करार फिसकटल्यामुळें २०२३ च्या जानेवारींत बाहेर पडले आणि त्यांना परत दार उघडण्यास २०२४ साल उजाडलें. वाचनालयाची वर्गणी थांबली तरी वाचलेलें पुस्तक डोक्यांत राहतें आणि पुस्तक कपाटांत राहतें. येथें कपाटच जातें. राहतें तें डोक्यांत आणि स्नेह्यांत राहील तेवढेंच. म्हणून वर्गणी भरणाऱ्यानें मालमत्ता घेत आहों असें न समजतां यात्रेचें भाडें देत आहों असें समजावें.

हें सर्व ध्यानीं घेऊन निर्णयाची एक साधी रीत सुचवितां येते. प्रारंभ मोफत भागानें करावा. वॉरक्राफ्टमध्यें विसाव्या पायरीपर्यंत विनामूल्य जातां येतें. ‘फायनल फँटसी’च्या चौदाव्या खेळांत तर २०२३ च्या ऑक्टोबरापासून सत्तराव्या पायरीपर्यंत आणि पहिल्या दोन विस्तारभागांसह मोफत हिंडतां येतें, जें कित्येकांना वर्षभर पुरेल. तेवढ्यानें मन भरलें तर प्रश्न सुटलाच. पुढें जावेंसें वाटलें तर एकाच महिन्याची वर्गणी भरावी. सहा महिन्यांची एकदम भरली तर चार पैसे वांचतात, पण न खेळलेल्या महिन्यांत ते दुपटीनें जातात. आपोआप नूतनीकरणाची कळ पहिल्याच दिवशीं बंद करावी. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आलेल्या नियमाप्रमाणें कार्डावरील अशा आवर्ती वसुलीची सूचना चोवीस तास आधीं येते. ती सूचना न वाचतां पुसून टाकूं नये. खेळाच्या रात्री घरांतल्या सर्वांच्या सोईनें ठरवाव्या, आणि त्या ठरल्यानंतर घरच्यांनींहि त्या वेळांत वारंवार हांका मारूं नयेत. ज्या करारांत एकाच पक्षावर बंधन असतें तो फार दिवस टिकत नाहीं.

आणि एक वही ठेवावी. तिच्यांत दोन रकाने पुरेत. एकांत त्या दिवशीं खेळलेले तास, दुसऱ्यांत तो वेळ कशांतून काढला याची प्रामाणिक नोंद: झोपेंतून, अभ्यासांतून, घरच्यांतून, कीं निरुद्योगांतून. महिनाअखेरीस वही उघडावी. दुसऱ्या रकान्यांत ‘निरुद्योग’ हा शब्द अधिक वेळां दिसला, खेळांत भेटलेल्या दोन माणसांचीं नांवें प्रेमानें आठवलीं, आणि परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या आठवड्यांत खेळ सहज बाजूला ठेवतां आला, तर १५ डॉलर सत्कारणीं लागले असें खुशाल समजावें आणि वडील माणसांनींहि कुरकुर सोडावी. तसें दिसलें नाहीं तर पुढच्या महिन्याची वर्गणी भरूं नये. नगराचे दरवाजे उघडेच असतात. सवड झाल्यावर परत जातां येतें. त्या महिन्यांत वांचलेले तास मात्र खेळाडूच्या स्वतःच्या हातांत पडतात, आणि त्यांचें काय करावयाचें हें ठरविण्यास कोणत्याहि कंपनीची परवानगी लागत नाहीं.